सोनारपूरपर्यंत पोहत

पाठदुखीवर डॉक्टरांनी रोज पोहायला सांगितलं, पण कोलकात्यात बालीगंजच्या तलावात फेऱ्या मोजताना माझा जीव अगदी मेटाकुटीला यायचा. शेजारी एक बंगाली आजोबा पोहायचे. अंगाला मोहरीच्या तेलाचा वास. दर फेरीला भिंतीला हात लावून ते मोठ्यानं घरच्या वाटेवरचं स्टेशन पुकारायचे: ढाकुरिया, जादवपूर, बाघाजतीन. गरियाला मुद्दाम मिनिटभर थांबायचे, कारण त्यांची लोकल तिथे रोज रखडायची. सोनारपूर आलं की "उतरतो" म्हणून पाण्याबाहेर.

एकदा मला वैतागून "अकरा" म्हणताना ऐकलं आणि ते हिंदीत म्हणाले, "दादा, आकडे कसले मोजता? घर कुठं तुमचं? तिकडे निघा की."

दुसऱ्या दिवशी मी पाण्यातच मिरजेहून घराकडे निघालो. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी. कोल्हापूरला पोचलो तेव्हा दम लागला होता, पण कंटाळा आला नव्हता. पुढे एकही दिवस चुकवला नाही.

मग माझ्या बँकेनं खरोखरच कोल्हापूरला बदली केली. आजोबांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. इथल्या तलावात पहिल्याच फेरीला भिंतीला हात लागला आणि तोंडून निघालं, "ढाकुरिया."

गरियाला मीही मिनिटभर थांबलो.