आधी स्वतःची अंगठी

अनिरुद्धराव कुठेही हरवलेलं सोनं शोधायला गेले की आधी स्वतःच्या बोटातली अंगठी काढून तिथल्या मातीत पुरतात. बघणारे हसतात. "अहो, एक हरवलंय ते पुरे नाही का?" असं परवा पापनाशमला कुणीतरी विचारलंच. ही सवय त्यांना वल्लमला पुन्हा लागली. त्या दिवशी मी तिथे होते.

ते जुन्या मराठा राजवाड्यामागे आमच्याच गल्लीत राहतात. ऑस्ट्रेलियात खाणीच्या नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन रानात सोन्याचे खडे शोधायचे. निवृत्त होऊन आले ते मशीन घेऊनच. शेतात पडलेली कुडी असो की कावेरीच्या वाळूतलं वेढणं, बोलावलं की जातात आणि कॉफीशिवाय काही घेत नाहीत.

माझे दीर बाळकृष्णराव वल्लमला तांबड्या माळावर घर बांधून राहतात. त्यांच्या नातवाच्या मनगटातली सोन्याची बिंदली गेली. बाळाला सांभाळायला ठेवलेली, दिरांना मामा म्हणणारी सीतालक्ष्मी सकाळी त्याला काजूच्या झाडांखाली खेळवत होती. घर शोधून झालं, तिची पिशवीही उलटी करून झाली. तेव्हा मी अनिरुद्धरावांना घेऊन गेले.

चालू केल्याबरोबर मशीन किंचाळायला लागलं. पाऊल टाकावं तिथे आवाज, आणि खणलं की हाती जड तांबडे खडे.

"लग्नाचा बँड आणलात की काय?" बाळकृष्णराव म्हणाले.

अनिरुद्धरावांनी वैतागून एक बटण मागे फिरवलं. आवाज बसला. मग ते सगळ्या झाडांखालून फिरले. मशीन गप्प.

"इथे सोनं नाही."

बाळकृष्णराव आत जाऊन शर्ट घालून आले. "आता ठाण्यावरच जातो. वहिनी, तुम्ही मधे पडू नका."

"मामा, माझ्या मुलीचं लग्न ठरलंय," सीतालक्ष्मी पायरीवरूनच म्हणाली. "पोलीस दारात आले तर मोडेल."

"ते आधी सुचायला हवं होतं."

त्यांनी स्कूटर बाहेर काढली. मशीनची पट्टी सोडता सोडता अनिरुद्धराव थांबले. अंगठी काढली, पायाने माती ओढून झाकली आणि वरून मशीन फिरवलं. आवाज नाही. पुन्हा फिरवलं. नाहीच.

"बाळकृष्णराव, थांबा! माझी अंगठी इथे पुरलीय, आणि हे म्हणतंय काही नाही."

"म्हणजे?"

"या मातीत लोखंड आहे. मशीनला तेच ऐकू येत होतं. मी त्याचे कान बंद केले, तर सोनंही ऐकू येईना. ऑस्ट्रेलियात असल्याच जमिनीवर रोज आधी काहीतरी पुरून बघायचो. आपल्याकडे खाली कावेरीच्या गाळाच्या मातीत आवाजच नसतो, म्हणून ती सवय सुटली. मघाशी मी नाही म्हणालो, त्याला अर्थ नाही."

"मग हिने घेतली नाही असं म्हणणं आहे तुमचं?"

"मला माहीत नाही, असं म्हणणं आहे. अंधार पडेपर्यंत थांबा."

बाळकृष्णराव स्कूटरवर बसूनच राहिले, किल्ली लावलेली.

अनिरुद्धरावांनी बटण पुन्हा पुढे केलं. मशीनची थाळी एकाच जागी वर-खाली करत राहिले, मातीचा आरडाओरडा एका संथ गुणगुणीवर येईपर्यंत. मग अंगठीवर नेली. गुणगुण जराशी चढली. एवढाच फरक, तोही कान देऊन ऐकला तर.

आता ते मुंगीच्या चालीने निघाले. गुणगुण चढली की खणायचे. खडा. दर वेळी सीतालक्ष्मी उभी राहायची आणि खडा बघून बसायची. ऊन उतरत चाललं. बाळकृष्णरावांनी दोनदा किल्ली फिरवली, दोन्ही वेळा मी चाकापुढे उभी राहिले.

शेवटच्या झाडाच्या मुळाशी त्यांनी पाला सारला, खणलं. पुन्हा खडाच. तो त्यांनी लांब फेकला आणि खड्ड्यावर थाळी धरली. गुणगुण तशीच चढलेली. बोट घालून उकरलं, तर मातीने भरलेली बिंदली.

बाळकृष्णरावांनी किल्ली काढून खिशात टाकली. "चला, सुटलो. सीतालक्ष्मी, सगळ्यांना कॉफी टाक."

तिने पिशवी उचलली. "मशीनला दोनदा विचारलंत मामा. मला एकदा तरी विचारायचं." आणि फाटकाबाहेर पडली.

अनिरुद्धराव मशीन खांद्याला लावून तिच्या मागोमाग बस स्टँडपर्यंत गेले. त्यांची अंगठी मातीतच राहिली होती. ती मी उकरून काढली.