उरलेला नायट्रोजन

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अतिवाहकाचं, म्हणजे अतिथंड केल्यावर विजेला जराही न अडवणाऱ्या पदार्थाचं, वेड साऱ्या जगाला लागलं आणि फिरत फिरत रत्नागिरीलाही पोचलं. आमच्या जांभ्या दगडाच्या जुन्या कॉलेजात त्यावर एक दिवसाची सभा ठरली. मी तिथे पदार्थविज्ञान शिकवायचो. अठरा वर्षं तेच धडे, तेच खडू; मी पुरता विटून गेलो होतो. खुर्च्यांपासून चहापर्यंत सभेची सगळी कामं अर्थात माझ्याच गळ्यात पडली.

पण खिशातल्या काडेपेटीत, कापसात गुंडाळलेली एक काळी टिकली होती. प्रयोगशाळेतले म्हातारे परिचर आणि मी, आम्ही दोघांनी तीन महिने भुकटी खलून, आमच्याच भट्टीत भाजून ती केली होती. खल बहुतेक त्यांनीच फिरवला. ती खरी उतरली असेल, तर अतिथंड केल्यावर तिच्यावर लोहचुंबकाचा तुकडा अधांतरी तरंगणार होता. अठरा वर्षांत निदान एक गोष्ट माझ्या हातून झाली, एवढं मला म्हणता आलं असतं.

थंड करायला द्रवरूप नायट्रोजन पुण्याहून येणारे प्राध्यापक आणणार होते. घाटाच्या वळणावर त्यांचं भांडं कलंडलं आणि ते रिकामं भांडं घेऊन हजर झाले. प्राचार्य म्हणाले, "थंडच हवं ना? मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून बर्फ मागवू." बर्फाने भागणार नाही हे त्यांना पटवेपर्यंत लादी आलीसुद्धा. ती कोकम सरबताच्या कामी आली.

वाट दाखवली ती परिचरांनी. "गुरांच्या दवाखान्यात असता ता, सर. झाकण काढला की धूर येता."

खरंच होतं. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य तिथे नायट्रोजनमध्ये ठेवत. डॉक्टरांनी कुरकुरत एक लहान भांडं भरून दिलं. "उरेल तेवढं चारपर्यंत परत आणा. पुरवठ्याची गाडी परवा येणार."

मग भाषणं झाली. पुण्याच्या प्राध्यापकांनी सोबत आणलेली टिकली तरंगत्या चुंबकासकट सगळ्यांनी पाहिली, टाळ्या पडल्या. प्राचार्यांसाठी पुन्हा, संस्थेच्या मंडळींसाठी पुन्हा. दर वेळी ओतलेला नायट्रोजन टेबलावरून वाफ होऊन जाई आणि मी मागे उभा राहून भांड्याचं वजन हाताने अजमावत राही. पायांचे तुकडे पडले होते.

साडेतीनला सभागृह रिकामं झालं. भांड्यात थोडा उरला होता. परिचर वाटी पुसून पुढे ठेवत म्हणाले, "ओता की उलीसा, सर. जाला तर जाला, नाय तर नाय."

मी काडेपेटी खिशातून काढली आणि पुन्हा ठेवून दिली. "डॉक्टरांना शब्द दिलाय. गाईंचा प्रश्न आहे," म्हणालो आणि सायकलला भांडं अडकवून निघालो.

डॉक्टरांनी भांड्यात डोकावून पाहिलं. "एवढा जपलात? वाटीभर वापरला असतात तरी चाललं असतं."

हे मला ठाऊक होतं.

नंतर नायट्रोजन मागायला मी कधी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. टिकली टेबलाच्या खणात राहिली आणि आमच्याकडच्या पावसाळ्याने तिचं जे करायचं ते केलं. दसऱ्याला परिचरांनी पूजेसाठी खण साफ करताना काडेपेटी उघडली, तर आत दमट, पांढरट भुगा.

"चुंबक तरंगला असता का वो, सर?" त्यांनी विचारलं.

"असता," मी म्हणालो.

"मंग का नाय ओतलात?"

मी पुन्हा गाईंचंच कारण सांगितलं. तो तरंगला नसता तर काय, या भीतीने माझा हात आखडला होता. हे त्यांना तरी सांगायला हवं होतं. तीन महिने खल त्यांनी फिरवला होता.