माझ्या रडण्याचा व्हिडिओ

“तू वाच. तुमच्याच लोकांचं आहे ते,” सर म्हणाले.

नंदुरबारचं कॉलेज, बी.ए.चं दुसरं वर्ष. अख्ख्या वर्गात तोरणमाळकडची आदिवासी मी एकटी. नाटक जुनं, थोर म्हणून नेमलेलं. त्यात एक रानातली बाई पानभर येते. राजाच्या शिकारीत तिचं पोरगं मरतं. ती रडते आणि जाते. बस्स. सरांनी परीक्षेवाल्या पोरांसाठी नवीन यूट्यूब चॅनेल काढलं होतं, म्हणून स्वतःसमोर मोबाईल उभा करून तासाचं रेकॉर्डिंग चालू होतं.

मी उठले. पण आमच्याकडे मेलेल्याचं रडणं वाचत नाहीत, गातात. खाली बसायचं, तळहात भुईवर ठेवायचा, त्याला नात्यानं हाक मारायची. काय खायचा, शेळ्या कुठं चारायचा, सगळं सांगायचं. मला दुसरं येतच नव्हतं. मी बाकाशेजारी फरशीवर बसले, हात टेकला आणि सूर लावला.

वर्गात हसू फुटलं. पोरं बाकं बडवायला लागली. सरांनीही दात काढले.

“बघा, याला म्हणतात हास्यरस. परीक्षेत एवढंच लिहा.”

पोरगं मेलं होतं हो तिचं! हास्यरस कसला?

आमच्यात कुणी मेल्याशिवाय असं रडत नाहीत. रडलं तर घरात मरण येतं म्हणतात. पुस्तकातलं आहे, पुस्तकातलं आहे, असं मी मनाला बजावत राहिले. व्हिडिओ चॅनेलवर चढला. होस्टेलच्या पोरी जाता-येता माझा सूर काढायच्या.

शिकणं संपलं त्या वर्षी आई गेली. पाड्यावरच्या बाया जमल्या. थोरल्या लेकीनं सुरुवात करायची, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी भुईवर हात ठेवला, तोंड उघडलं. आणि कानात बाकं वाजायला लागली. सूर फुटेना. शेवटी मावशीनं सुरुवात केली. माझी आई माझ्या रडण्याविना गेली. हे मी कुणालाच माफ करणार नाही.

आता मी धानोऱ्याकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. यंदा तेच नाटक नेमलंय. प्राचार्यांनी मला आणि एका जुन्या सहकाऱ्यांना सांगितलं, इंटरनेटवरचं साहित्य तपासा, पोरांना काय द्यायचं ते ठरवा. आम्ही बसलो बघत. निम्मं एकमेकांचं चोरलेलं. एकानं तर राजाच मारून टाकलेला. मग सरांचा तो व्हिडिओ लागला. सगळ्यात जास्त बघितलेला.

सहकारी खूश झाले. आवाज स्पष्ट, मुद्दे नेमके, हाच देऊ म्हणाले. प्रोजेक्टर जोडायला आलेली अकरावीची पोरगी मात्र माझ्या तोंडाकडे बघत होती.

“मॅडम, हाऊ आवाज तुमना शे का?”

“हो. माझाच.”

सहकाऱ्यांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, “जाऊ द्या ना मॅडम, जुनं शे ते. पोरेस्ले मार्क भेटतस.”

मार्क मिळतात, खरंय. पोरगं मेलेल्या बाईला हसायचे मार्क. मी सांगितलं, हा पाठ खोटा आहे, मी हो म्हणणार नाही.

त्याच दुपारी मी नंदुरबारच्या सरांना फोन केला, व्हिडिओ काढून टाका म्हटलं. ते हसले. तेच हसू.

“अगं, त्यानंच तर तू प्रसिद्ध झालीस.”

ठीक आहे. राहू दे तो तिथं. दरवर्षी नाटक शिकवायला घेतलं की मी तो वर्गात लावणार आणि हसू सुरू होतं तिथं बरोब्बर थांबवणार. सांगणार, हा आवाज फरशीवर बसलेल्या माझा, आणि हे हसणारे माझे सर. मग विचारणार, ह्यात हसण्यासारखं काय होतं? उत्तर मिळेपर्यंत पुढचं पान उलटणार नाही. परीक्षा गेली खड्ड्यात.