बिनदाढीची चौकशी

डोमाभाऊ हटवारांचे गाल गुळगुळीत दिसले की लाखनीत लोक ओळखतात, कुणाच्या तरी पोरीचं जुळतंय. एरवी भाऊ आठवड्यातून एकदाच दाढी करतात. एसटीत कंडक्टर असताना जिल्ह्यातला कोणता फाटा कोणत्या गावाचा आणि त्या गावात कोण कुणाचा साळा, हे त्यांना तिकिटं फाडता फाडता पाठ झालं. निवृत्त झाल्यावर मुलीकडची माणसं त्यांना मुलाच्या चौकशीला पाठवू लागली. भाऊंची रीत ठरलेली. मुलाच्या गावी उतरायचं, न्हाव्याच्या दुकानात शिरायचं आणि दाढी करून घ्यायची. वस्तरा गळ्यावर असलेलं गिऱ्हाईक मध्ये तोंड घालत नाही, त्यामुळे न्हावी मोकळा बोलतो. परत येऊन भाऊ ऐकलं तेवढं सांगतात; पदरचा शब्द घालत नाहीत, ऐकलेला गाळत नाहीत. एका दिवसात दोन स्थळं असली की दुसऱ्या दाढीला गाल झोंबतात, पण त्याची तक्रार नाही.

माजी सरपंच सुखराम कापगत्यांच्या दीपमालेला आंधळगावच्या कमलेशचं स्थळ आलं, तेव्हा भाऊ आंधळगावला दाढी करून आले. पोरगा सुपारीसुद्धा खात नाही, असं निघालं. दीपमाला गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं कमलेशशी फोनवर बोलून मनातल्या मनात होकार कधीच देऊन टाकला होता. घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कमलेश नोकरीला होता अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीत, आणि भाड्यानं राहत होता एका मॉर्मन बाईंच्या घरी. मॉर्मन हा तिकडचा एक ख्रिस्ती पंथ. सुखरामांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक मॉर्मन गृहस्थ, त्याच्या चार बायका आणि शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावीत एवढी लेकरं होती.

"मले हे स्थळ नाही पाह्यजे," सुखराम भाऊंना म्हणाले. "त्या मुलखात माणूस चार-चार बायका करते. संगतीनं हा पोरगाही बिघडन. माह्या पोरीवर सवत नाही येऊ देत मी. सवत म्हणजे का असते, मले चांगलं ठाऊक हाये."

समोर दिवाणावर शकुनबाई आणि मंगलाबाई लाखोळीची डाळ निवडत होत्या. शकुनबाई सुखरामांची पहिली बायको, मंगलाबाई दुसरी. शकुनबाईंना बरीच वर्षं मूल झालं नाही म्हणून मंगलाबाई आल्या, आणि त्या आल्याच्या पुढच्याच वर्षी शकुनबाईंना दीपमाला झाली. आलेल्या बाईला परत कोण पाठवणार? त्या राहिल्या, आणि दीपमालेला मोठी माय नि लहान माय अशा दोन आया मिळाल्या. सुरुवातीची वर्षं दोघींनी एकमेकींशी भांडण्यात घालवली. मग दोघींच्या लक्षात आलं, की भांडावं असं माणूस घरात तिसरंच आहे.

"तुमाले कसं ठाऊक जी?" सुपातली नजर न काढता शकुनबाईंनी विचारलं. "तुमच्यावर तं कधी सवत आली नाही."

सुखरामांना हे ऐकू गेलं नाही. ही कला त्यांना सरपंचकीत साधली होती.

"डोमाभाऊ, तुम्हीच चौकशी करा," ते म्हणाले. "तुम्ही म्हणान तसं."

सॉल्ट लेक सिटीला एसटी जात नाही. तरी भाऊंनी कमलेशला फोन लावून विचारलं, तुझा न्हावी कोण?

"मीच कापतो जी, मशीननं," कमलेश म्हणाला.

भाऊंना हा पहिला धक्का. स्वतःचे केस स्वतः कापणाऱ्या माणसाची चौकशी कुठं करावी? शेवटी त्यांनी फर्मावलं, "मंग घरमालकीण दाखव. आन तू बाहेर जा."

दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे सकाळचा चहा आणि तिकडे रात्रीचं जेवण आटोपलेलं अशा वेळी, मोबाईलवर मार्थाबाई दिसल्या. पांढरे केस, हातात लोकर. दुभाषी म्हणून दीपमाला बसली.

"हे तं त्याचीच वकील," सुखराम कुरकुरले.

"वकील घरचाच बरा," भाऊ म्हणाले. "इचार बाई, तुमच्यात आजही माणसं दोन-चार बायका करतात का?"

दीपमालेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तिनं विचारलं. मार्थाबाई रागावल्या नाहीत. हा प्रश्न त्यांनी जन्मभर ऐकला असावा. त्या सांगत गेल्या, दीपमाला मराठीत आणत गेली. पणजोबांना तीन बायका होत्या. पण चर्चनं ती चाल सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी बंद केली. आता कुणी दुसरी केली तर त्याला चर्चमधून काढतात. काही छोटे गट फुटून वेगळे झाले, ते अजून करतात आणि व्हिडिओ त्यांचेच निघतात. "माझ्या नवऱ्याला मी एकटीच होते," त्या म्हणाल्या, "आणि त्याला तेवढी पुष्कळ झाली."

"म्हणजे बंद हाये, पण चालू हाये," सुखराम मांडीवर थाप मारून म्हणाले. "असं कोठं बंद असते का?"

तेवढ्यात मार्थाबाईंनी सहज उलट विचारलं, तुमच्यात कसं आहे? दीपमालेनं प्रश्न मराठीत आणला आणि जमिनीकडे पाहत बसली.

डोमाभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. ज्याचा चहा प्यायला त्याच्याच घरात बसून उत्तर द्यायचं होतं. पण गाळायचं तर नव्हतं.

"सांग, आमच्या हिंदूंतही बंद हाये. कायदा होऊन सत्तर वर्षं झाली," ते सावकाश म्हणाले. "पण कोठं कोठं चालू हाये."

मार्थाबाईंनी मान हलवली. मग अशांना तुम्हीही काढून टाकता का?

"नाही म्हणावं," मंगलाबाईंनी डाळीतला खडा बाजूला टाकला. "आमच्यात त्याईले सरपंच करतात."

दीपमालेनं क्षणभर विचार केला आणि जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. आधी मार्थाबाई हसल्या, मग शकुनबाई. सूप इतकं हललं की निवडलेली डाळ बिननिवडलेलीत मिसळली. सुखराम छताचा पंखा पाहू लागले.

"आता माहं इचार," मंगलाबाई म्हणाल्या. "पोरगा जेवल्यावर आपलं ताट धुते का?"

ताट धुतो, उत्तर आलं. कढई मात्र भिजत घालतो आणि विसरतो.

"खरं बोलून राह्यली बाई," शकुनबाई म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवून त्या नवऱ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "सवत मुलखातून नाही येत जी. घरच्या माणसानं आणली तं येते. तुम्ही पोरगा पाहा, मुलूख कायले पाहता? पोरीले पसंत हाये. मलेही हाये."

"मलेही," मंगलाबाई म्हणाल्या.

सुखराम वाईट माणूस नव्हते. लेकीसाठी त्यांना खरंच भीती वाटत होती; ती भीती आपण कुणाकडे पाहून शिकलो, तेवढंच कधी त्यांनी तपासलं नव्हतं. त्यांनी दोघींकडे पाहिलं, मग मोबाईल पोटाशी धरून बसलेल्या दीपमालेकडे. सरपंचकी केलेल्या माणसाला बहुमत समजावून सांगावं लागत नाही.

"तारीख काढा," ते म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले.

डोमाभाऊ बाहेर पडले खरे, पण गालावर चार दिवसांचे खुंट. या तोंडानं चौकशी केली म्हटलं तर गावात कोण मानेल? म्हणून ते नाक्यावर अंकुशच्या दुकानात शिरले.

"कोणतं गाव केलं भाऊ?" फेस लावत अंकुशनं विचारलं.

"अमेरिका."

"तिकडं म्हणे एकेकाले चार-चार बायका असतात?"

"बंद हाये," भाऊ म्हणाले, आणि वस्तरा गळ्यावर यायच्या आत उरलेलंही सांगून टाकलं, "आपल्यासारखंच."