टपालवाल्यांची मुलगी

शाळेत त्यांना सगळे कादंबरीबाई म्हणत. शिकवायच्या इतिहास, पण सनावळ्यांत त्यांचा जीव रमत नसे. स्वातंत्र्यलढ्याचा धडा आला की याच भागातल्या एका जुन्या लेखकाची कादंबरी काढून त्या वाचून दाखवत. मागच्या बाकावरची टवाळ पोरंही कान टवकारून ऐकत.

त्या वर्षी नववीला त्यांनी टपालवाल्याचं प्रकरण वाचलं. दारोदार पत्रं वाटणारा माणूस, कोण कुठे लपलंय ते त्याला पक्कं ठाऊक. त्यानं सैनिकांना अकरा घरं दाखवली. अकराही जणांना नदीकाठी उभं करून गोळ्या घातल्या. तेवढ्यात घंटा वाजली.

कादंबरीत नाव नव्हतं. पण गावात एका घराला अजून ‘टपालवाले’च म्हणत, आणि त्या घरची मुलगी दुसऱ्या बाकावर बसे. बाई बाहेरगावच्या, त्यांच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. मधल्या सुट्टीपर्यंत मुलीच्या दप्तरावर खडूनं ‘फितूर’ लिहून झालं. चार दिवस तिनं कळ सोसली, पाचव्या दिवशी ती आली नाही.

कारण कळताच बाई तिच्या घरी गेल्या. वडील शिलाई मशीनवर बसले होते. त्यांनी ‘या’ही म्हटलं नाही. मुलगी आतल्या खोलीत होती, ती बाहेर आली नाही. बाईंनी चाचरत सांगितलं, की पुढच्या प्रकरणात सगळा उलगडा आहे. सैनिकांनी त्या माणसाची दोन लेकरं छावणीत डांबली होती, म्हणून तो बोलला.

वडिलांनी मशीन थांबवलं. “मग तेही त्याच दिवशी का नाही वाचलंत?”

“तास संपला होता,” बाई म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते प्रकरण वाचलं. पोरांनी ऐकून घेतलं. एकानं विचारलं, हे परीक्षेला आहे का? मुलीला आत्याकडे धाडलं होतं. तिथं तिनं शाळेचं नाव काढलं नाही, असं पुढं कानावर आलं.

बाईंनी उरलेली सहा वर्षं पाठ्यपुस्तकच शिकवलं. निरोपाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापक म्हणाले, बाईंनी इतिहास जिवंत केला. टाळ्या झाल्या. दोन शब्द बोला म्हणून सगळ्यांनी गळ घातली, पण बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत.