पांढऱ्या पडद्यामागची पाळी

मंडळी, कुणाचे वाईट चिंतावे असा दिशाचा पिंडच नव्हे. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, बारामतीत संगणकाचे काम करणारी ही लेक. एका साखर कारखान्याच्या सभासदांसाठी तिने वेबसाइट घडवली. एका चौकटीत सभासदाचा फोटो, दुसरीत हवामान, तिसरीत ऊसतोडीची पाळी. आपला ऊस कधी तुटणार हे शेतकऱ्याला घरबसल्या कळावे, एवढीच माया त्यामागे होती.

कऱ्हाटीच्या श्रीपतीआबांचा फोटो मात्र कारखान्याकडे नव्हताच. त्यांनी पान उघडले की पहिली चौकट फोटो शोधताना कोलमडे, आणि तिच्यासवे सारे पानच कोरे पडे. आबांनी फोन लावला.

"पोरी, माझं नावच न्हाय. समदं पांढरं हाय."

"आबा, मोबाईल जुना असेल तुमचा. बंद करून चालू करा," असे म्हणून दिशा जेवायला बसली. तिच्या फोनवर तर सगळे दिसत होते!

आबांना वाटले, पाळी गेली. जळका ऊस कारखाना आधी उचलतो. उभा वाळण्यापेक्षा पडत्या भावाने गेलेला बरा, म्हणून ज्या हातांनी जोपासला त्याच हातांनी त्यांनी फड पेटवला. आणि सकाळी तोडणीची टोळी बांधावर हजर! पाळी त्यांचीच होती.

हे कळल्यापासून दिशाला घास गोड लागेना. अहो, भजनात एका टाळाची दोरी तुटली तर तो टाळकरी थांबतो. नाम थांबते का? तसे प्रत्येक चौकटीला निराळे कुंपण हवे होते. एक मोडली तर तिच्या जागी चार शब्द यावेत, बाकीच्यांनी चालत राहावे. काम थोडेच होते. तेच राहिले होते. ते पुरे करून ती कऱ्हाटीला गेली.

"आबा, तुमचा मोबाईल चांगला होता. चूक माझी होती."

"अगं, म्या तर हिला बोललो, तूच कायतरी दाबलंस म्हणून!"

"व्हय," चुलीपाशी बसलेल्या आबांच्या पत्नी ताईबाई म्हणाल्या, "माझी माफी कोण मागणार मग?"

आबांनी पान उघडले. फोटोच्या जागी आलेली अक्षरे ते सावकाश वाचू लागले: फोटो दाखवता आला नाही. चूक आमची आहे. तुमची पाळी खाली पाहा.

"हे आदी लिवलं असतंस," ते मऊपणे म्हणाले, "तर म्या काडी वडली नसती, पोरी."

त्या बोलण्यात राग असता, तर दिशाला सोसवला असता. ताईबाईंनी चहाची कपबशी पुढे सरकवली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली.