भिमाबाईचा धसका

भीती सगळ्यांनाच वाटते. कुत्रं अंगावर आलं की वाटते, ते गेलं की जाते. धसक्याचं तसं नाही. धसका वाटत नाही, माणूस तो घेतो आणि एकदा घेतला की तो आत घर करून बसतो. ज्याला हा फरक कळत नाही, त्याने मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधली आमची शेजारीण भिमाबाई बघायला हवी होती.

त्र्याहत्तर साली तिचा नवरा सहादू यार्डात डबे जोडताना मध्ये सापडला आणि जागीच गेला. पण आपल्याकडे मेल्याचं तोंडावर सांगतात कुठे! साहेबाचा माणूस दारात येऊन म्हणाला, "जास्त काही नाही बाई, जरा लागलंय. चला." नवऱ्याला दवाखान्यात लागेल म्हणून भिमाबाईने डबा भरून घेतला. तो डबा हातात घेऊनच ती प्रेतापाशी पोहोचली. असल्या दयेचा मला आजही संताप येतो.

पुढे बापाच्या जागी पोरगा जयराम लागला. भिमाबाईच्या मनात नव्हतं, पण चूल पेटायला हवी होती. अपघाताचा भोंगा वाजला की ती फाटकापाशी जाऊन उभी राहायची. बायका म्हणायच्या, "लयच जीव खाते बाई पोराचा."

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात जयरामचं बोट चेंगरलं. टाके पडले, एवढंच. त्याचा जोडीदार धोंडीराम मोठा भला माणूस. म्हातारीला उगाच घोर नको म्हणून धावत आला आणि गडबडीत जयभीम घालायचंही विसरला. "मावशे, जास्त काय नाय, जयरामला जरा लागलंय. चल."

बिचारा खरं तेच बोलला होता. पण अशा वेळी खरं कुणी सांगत नसतं, हे भिमाबाईला पक्कं ठाऊक होतं. ती रडली नाही, उठलीही नाही. भिंतीला टेकून बसली ती बसलीच.

थोड्या वेळाने जयराम स्वतःच्या पायांनी घरी आला. "आई, मी हाय ना. बघ की माझ्याकडं!" तिने बघितलं आणि परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा पदर डोक्यावरून ओढून घेतला.

नाशिकच्या डॉक्टरांनी आजाराला काहीतरी लांबलचक नाव दिलं. आमच्या क्वार्टरमध्ये एकच शब्द होता. त्यानंतर ती काही वर्षं जगली. जयराम ड्युटीवरून आला की तिची वेणी घालायचा, तिला भरवायचा. ती निमूट जेवायची आणि मग हात जोडून त्यालाच विचारायची, "साहेब, तुम्ही चांगल्या घरचे दिसता. तुम्ही तरी खरं सांगा, माझा जयराम गेला ना?"